छातीत दुखण्यावर शोधलेली गोळी

पुण्यात औषधांच्या दुकानात सिल्डेनाफिल, म्हणजे शिश्नाला ताठरता येण्यासाठीची व्हायग्रा, मागितली की चार गोळ्यांची पट्टी खाकी पाकिटात घालून पटकन पुढे सरकवली जाते. घेणाराही ती तशीच खिशात टाकून चालू लागतो. दोघांनाही ते बोलणं लवकर संपवायचं असतं. या घाईत माहितीचा कागद मागेच राहतो. गोळी कधी घ्यायची, पोटात काय असताना घ्यायची, कुणी अजिबात घ्यायची नाही, कुठल्या औषधाशी तिचं वैर आहे, हे सगळं त्या कागदावर असतं. हे औषध योगायोगानं सापडलं एवढं बहुतेकांच्या कानावर असतं. पण त्या शोधाच्या वाटेवर एकेक करून जे कळत गेलं, तेच आज त्या कागदावर सूचना म्हणून छापलेलं आहे. म्हणून शोधाची गोष्ट नीट सांगितली की सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

इंग्लंडच्या केंट भागात सँडविच नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत रक्तदाब आणि अंजायना यांवर नवं औषध शोधायचं काम सुरू झालं. अंजायना म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ. तिच्यावर नायट्रेट गटातली औषधं शंभरहून अधिक वर्षं वापरात होती. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यातलीच. नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात डॉक्टरांनी हृदयासाठी तेच नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं होतं. नायट्रेटची अडचण अशी, की ती दिवसरात्र अंगात राहिली तर शरीराला त्यांची सवय होते आणि गुण येईनासा होतो. नायट्रेटचंच काम वेगळ्या वाटेनं करणारं काहीतरी हवं होतं.

ती वाट समजायला पुण्याची जुनी पाण्याची व्यवस्था आठवावी. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळानं शहरात आणून पेठांतल्या हौदांत सोडत. अशा एका हौदात वरून पाणी पडतंय आणि तळाच्या मोरीतून निघून जातंय असं समजा. शरीरात तो नळ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून तो सुटतो. हौदातलं पाणी म्हणजे सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू. त्याची पातळी चढली की रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्त जास्त वाहतं. तळाची मोरी म्हणजे पीडीई-५ हे विकर. सायक्लिक जीएमपी मोडून पातळी खाली आणणं हे त्याचं काम. नायट्रेट गटातली औषधं वरचा नळ मोठा सोडतात. सँडविचच्या मंडळींनी मोरी बुजवायचं ठरवलं.

मोरी बुजवणारा एक रेणू आधीपासून माहीत होता. ॲलर्जीवरचं औषध म्हणून तपासला गेलेला झॅप्रिनास्ट. पण त्याचा जोर फारच कमी होता आणि तो इतर विकरांनाही अडवत होता. त्याच्या सांगाड्यात बदल करत करत १९८९ मध्ये यूके-९२४८० या क्रमांकाचा रेणू हाती आला. पेटंटवर अँड्र्यू बेल, डेव्हिड ब्राउन आणि निकोलस टेरेट यांची नावं आहेत. हाच सिल्डेनाफिल. पाण्यात नीट विरघळावा म्हणून त्याचं सायट्रेट क्षार केलं गेलं, त्यामुळे पट्टीवर 'सिल्डेनाफिल सायट्रेट' असं लिहिलेलं दिसतं. मूळ पूड पांढरी असते. प्रसिद्ध निळा रंग फक्त वरच्या लेपाचा, त्याचा गुणाशी काही संबंध नाही.

१९९१ पासून माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि निकाल निराश करणारे आले. निरोगी माणसाला एक डोस दिला तर रक्तदाब थोडासाच उतरे. आजच्या माहितीपत्रकातला आकडाही तसाच लहान आहे: १०० मिलिग्रॅम घेतल्यावर वरचा दाब सरासरी ८ आणि खालचा ५ अंकांच्या आसपास उतरतो. हृदयाच्या रक्तपुरवठ्यावरचा परिणाम नायट्रेटपेक्षा सरस दिसेना. त्यात औषध अंगात टिकेना. सुमारे ४ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येई. अंजायनासाठी ते दिवसातून ३ वेळा द्यावं लागलं असतं आणि अशा औषधाला बाजारात कोण विचारणार, हा प्रश्न होताच. सर्वांत मोठी अडचण नायट्रेटची निघाली. दोन्ही एकत्र दिली की रक्तदाब घसरे. अंजायनाच्या रुग्णाच्या खिशात नायट्रेट असणारच, तेव्हा त्याच रुग्णासाठी केलेलं औषध त्यालाच द्यायची सोय राहिली नाही.

मग वेल्समधल्या मर्थर टिडफिल या खाणकामगारांच्या गावात १० दिवसांची चाचणी झाली. निरोगी स्वयंसेवकांना रोज ३ वेळा डोस दिला गेला. डोकेदुखी, अपचन, पाठ आणि मांड्या दुखणं अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांच्या जोडीला ताठरता येण्याच्या नोंदीही होत्या. डेव्हिड ब्राउन यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की शेवटी 'आणखी काही जाणवलं का' असं विचारल्यावर एकानं हात वर केला आणि रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळा ताठरता येते असं सांगितलं. बाकीचेही हसून 'आम्हालाही' म्हणाले.

इथं एक दुरुस्ती करायला हवी. हृदयविकाराच्या म्हाताऱ्या रुग्णांनी चाचणी संपल्यावर गोळ्या परत द्यायला नकार दिला आणि त्यावरून शोध लागला, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. पहिली नोंद निरोगी स्वयंसेवकांची आहे. उरलेल्या गोळ्या सोडवेनात अशी माणसं भेटली ती नंतर, ताठरतेच्या चाचण्यांत. हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण निरोगी माणसात दिसलेला परिणाम पुढे नेताना संशोधकांना मोठी शंका होती: ज्याला काही अडचण नाही त्याला जास्त ताठरता आली, म्हणून मधुमेहानं नसा खराब झालेल्या माणसाला ती येईलच असं कशावरून?

त्याचं उत्तर दुसऱ्याच ठिकाणाहून येत होतं. शिश्नाच्या दोन बाजूंना स्पंजासारखी ऊती असते. तिच्यातला स्नायू सैलावला की तिच्या पोकळ्या रक्तानं भरतात, भरलेली ऊती बाहेरच्या चिवट आवरणावर दाबली जाते आणि मधल्या शिरा चेपून रक्त आत अडकतं. ताठरता म्हणजे एवढंच. स्नायू सैलावला की काम होतं हे फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग यांना १९८२ मध्ये कळलं, तेही योगायोगानंच. शस्त्रक्रियेत पॅपॅव्हेरीन हे रक्तवाहिनी सैलावणारं औषध दिलं गेलं आणि रुग्णाला ताठरता आली. पुढच्याच वर्षी लास वेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञानं स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन परिणाम भर सभेत दाखवला. पण स्नायू सैलावण्याची शरीराची स्वतःची खूण कुठली, हे उरलं होतं. ती नायट्रिक ऑक्साइड आहे हे लुईस इग्नारो आणि जेकब रायफर यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटानं १९९० ते १९९२ या काळात दाखवलं. म्हणजे हृदयासाठी ज्या हौदाची मोरी बुजवायला औषध केलं होतं, तोच हौद शिश्नातही होता आणि तिथं पीडीई-५ भरपूर होतं. वेल्सच्या नोंदीकडे आता दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी इग्नारो, रॉबर्ट फर्चगॉट आणि फेरीद मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी गोळीही बाजारात आली.

पिंपरीला १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे पेनिसिलिनच्या शोधाची गोष्ट पुणेकरांना जवळची आहे. तिथंही फ्लेमिंगच्या बशीतली बुरशी १९२८ ची आणि माणसाला औषध म्हणून दिलेला पहिला नीट डोस १९४१ चा. मधली तेरा वर्षं आणि ऑक्सफर्डच्या फ्लोरी-चेन यांचे कष्ट गोष्टीतून गळतात. सिल्डेनाफिलचंही तसंच झालं आहे. योगायोग एका वाक्यात संपतो, पण मोजमापाला पाच-सहा वर्षं गेली.

पहिलं मोजमाप ब्रिस्टलमध्ये झालं. ताठरतेची तक्रार असलेले १२ रुग्ण घेतले. शिश्नाभोवती कडी बसवून ताठरता किती आणि किती मिनिटं टिकली हे मोजणारं यंत्र लावलं आणि कामोत्तेजक दृश्यं दाखवली. ८० टक्क्यांहून अधिक ताठरता बनावट गोळीवर (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली गोळी) सरासरी १.३ मिनिटं टिकली, १० मिलिग्रॅमवर ३.५, २५ वर ८ आणि ५० मिलिग्रॅमवर ११.२ मिनिटं. डोस वाढेल तसा परिणाम वाढत गेला, यावरून ही नुसती समजूत नव्हे याची खात्री पटली. मग रुग्णांना रोज एक गोळी देऊन घरी पाठवलं. १२ पैकी १० जणांनी सुधारणा सांगितली, बनावट गोळीवर दोघांनी. पुढे घरच्या आयुष्यातला फरक मोजायला १५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिची ५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आजही दवाखान्यात वापरतात. २५ पैकी २१ किंवा कमी गुण आले तर अडचण आहे असं धरतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डोस गरजेप्रमाणे वाढवत नेलेल्या ३२९ पुरुषांच्या गटात शेवटच्या ४ आठवड्यांत संभोगाचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले, बनावट गोळीवर २२ टक्के. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेनं परवानगी दिली.

आता तो घडीचा कागद उलगडू.

'लैंगिक उत्तेजना असेल तरच परिणाम होतो' हे त्यावरचं सर्वांत कमी वाचलं जाणारं वाक्य. मोरी बुजवली तरी वरून नळ वाहायला हवा. नळ उघडतो तो मनातून आणि स्पर्शातून. गोळी घेऊन टीव्ही बघत बसलं तर काहीच होत नाही, मग माणूस दुसरी गोळी घेतो आणि डोकं धरून बसतो. गोळी इच्छा वाढवत नाही, लांबी वाढवत नाही, शीघ्रपतन थांबवत नाही. शीघ्रपतनाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ही गोळी नुसती देऊन पाठवणं म्हणजे भलत्याच कुलपाला किल्ली लावणं आहे.

दुसरी सूचना वेळेची. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर साधारण तासाभरात रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं. तुपातेलाचं भरपूर जेवण झालेलं असेल तर ही वेळ आणखी तासभर पुढे जाते आणि रक्तातला कमाल चढ २९ टक्क्यांनी कमी होतो. शनिवारी रात्री बाहेर मटण थाळी, वर दोन पेग आणि घरी आल्यावर गोळी, असा क्रम असेल तर गोळी चालली नाही हे ठरलेलंच. दारूचं म्हणाल तर ती स्वतःच ताठरता कमी करते आणि रक्तदाबही उतरवते. हलकं जेवण, मग किमान दोन तासांनी ५० मिलिग्रॅमची एक गोळी आणि तासाभराचा अवकाश, अशी सुरुवात बहुतेकांना योग्य. दिवसात एकदाच. ६५ च्या वरचं वय, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा आजार असेल तर २५ पासून. एकदा घेऊन गुण आला नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात. वेळ आणि जेवण सांभाळून, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसला निदान सहा-आठ वेळा संधी द्यावी, मगच 'मला लागू पडत नाही' म्हणावं. पहिल्या खेपेला धास्तीच इतकी असते, की नळच उघडत नाही.

यकृतातलं जे विकर सिल्डेनाफिल मोडतं त्याला काही औषधं अडवतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर आणि आपल्याकडे गजकर्णासाठी कित्येक आठवडे घेतलं जाणारं इट्राकोनॅझोल. यांच्याबरोबर ५० मिलिग्रॅमची गोळी अंगात त्याहून मोठ्या डोससारखी वागते. त्वचेच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीचा याच्याशी काय संबंध, असं वाटून कुणी ती सांगत नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा त्या गटातली दुसरी गोळी चालू असेल तरी डॉक्टरांना सांगायचं. तीही रक्तवाहिन्या सैलावते, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून सुरुवात २५ नं करतात.

आणि आता नायट्रेट. इथं थोडं थांबून वाचा. नायट्रेट गोळी अंगभर नळ उघडते. सिल्डेनाफिलनं मोरी बुजलेली असताना हे केलं तर पाणी काठावरून वाहतं: सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि आधीच अरुंद असलेल्या हृदयाच्या वाहिनीत रक्त पोचत नाही. मृत्यू येऊ शकतो. यात डोस कमी-जास्त करून जमवायला जागा नाही. सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, मोनोनायट्रेटच्या रोजच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरीनचा फवारा किंवा छातीला चिकटवायची पट्टी, आणि नायट्रेटसारखंच वागणारं निकोरँडिल, यांपैकी काहीही चालू असेल तर सिल्डेनाफिल घ्यायचीच नाही. उलट बाजूनं, सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि तिच्याच गटातली टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट चालत नाही.

घरात हे कसं बिघडतं ते पाहा. वडिलांचं वय साठीच्या पुढे, मधुमेह आहे, कधीतरी अँजिओप्लास्टी झाली आहे. शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची डबी असते. हृदयाच्या डॉक्टरांपुढे ताठरतेचं बोलायला लाज वाटते, म्हणून लांबच्या पेठेतल्या अनोळखी दुकानातून पट्टी आणली जाते. रात्री छातीत दुखायला लागतं. घरातल्यांना पट्टीची कल्पना नसते आणि ते प्रेमानं, घाईनं जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. प्रत्येकानं आपल्या समजुतीनं बरोबरच केलेलं असतं. अशा वेळी करायचं ते एवढंच: हालचाल थांबवून खाली बसायचं, नायट्रेट घ्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, 'मी अमुक वाजता सिल्डेनाफिल घेतली आहे.' ते ऐकून कुणी हसत नाही, उपचार बदलतात. छातीदुखीवर नायट्रेटखेरीज द्यायची दुसरी औषधं असतात. निदान बायकोला पट्टीची माहिती असायलाच हवी.

हृदयरोग आहे म्हणून गोळी नाहीच, असंही नव्हे. नायट्रेट लागत नसेल, दुखणं स्थिर असेल आणि दोन मजले भरभर चढून छातीत दुखत नसेल, तर बहुतेकांना तपासणीनंतर ती देता येते. ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

दुष्परिणामांची यादी वाचून घाबरून जाऊ नये, तीही त्याच हौदाची आहे. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की डोकं दुखतं, चेहऱ्याच्या रुंदावल्या की गरम लाली येते, नाकातल्या रुंदावल्या की नाक चोंदतं. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा स्नायू सैलावला की जळजळ. काहींना काही तास सगळं निळसर दिसतं, कारण डोळ्याच्या पडद्यात पीडीई-६ हे भावंड असतं आणि मोठ्या डोसला सिल्डेनाफिल त्यालाही थोडं अडवते. ते उतरतं. पण एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं तर तिथून पुढे गोळी बंद आणि थेट डॉक्टर. ताठरता ४ तासांपेक्षा जास्त राहिली तर सकाळची वाट पाहायची नाही. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, आतली ऊती मरू लागते आणि पुढे कायमची अडचण होते. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रीच जायचं.

टाडालाफिलचा हिशोब वेगळा आहे. ती निम्म्यावर यायला साडेसतरा तास घेते, परिणाम दीड दिवस राहतो, जेवणानं फरक पडत नाही. ५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेता येते, मग वेळ जुळवण्याची धास्ती उरत नाही. कितीतरी जोडप्यांसाठी हे जास्त सोयीचं ठरतं. पाठ आणि मांड्या दुखणं मात्र हिच्यात जास्त, आणि नायट्रेटचं ४८ तासांचं अंतर याच लांब मुक्कामामुळे.

आपल्याकडे ही औषधं स्वस्त का, याचं उत्तर कायद्यात आहे. १९७० च्या पेटंट कायद्याखाली औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर मिळे. तोच रेणू दुसऱ्या मार्गानं बनवायची मुभा होती आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत अशा पर्यायी पद्धतींवर मोठं काम झालं. २००५ पासून कायदा बदलला, तोवर भारतीय कंपन्यांच्या सिल्डेनाफिल दुकानांत आल्या होत्या. कायद्यानं ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी.

स्वस्त आणि तपासलेली गोळी असताना लोक भिंतीवरच्या जाहिरातींतल्या 'शंभर टक्के वनस्पती' कॅप्सूलमागे जातात याचं वाईट वाटतं. लैंगिक ताकदीच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी रेल्वेमार्गाच्या भिंती रंगलेल्याच असतात. वाजीकरण हे आयुर्वेदाचं एक मान्य अंग आहे, त्याच्याशी भांडण नाही. धोका वेगळा आहे: अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये चोरून सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिसळलेली अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना पुन्हा पुन्हा सापडली आहे, कधी नेहमीच्या डोसपेक्षा कितीतरी जास्त. 'एका तासात गुण' देणारी जडीबुटी असेल तर आत काय आहे याचा अंदाज करायला अवघड नाही. खिशात सॉर्बिट्रेट असलेला माणूस तिलाच निर्धोक समजून घेतो.

शब्दांचाही यात वाटा आहे. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक होऊन 'नपुंसकता' या अर्थाचा जुना शब्द सोडावा आणि ताठरतेतला बिघाड म्हणावं असं ठरलं. मराठीत अजून 'नामर्द' चालतो. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयावर सरळ मराठीत लिहिलं आणि त्यासाठी खटले सोसले. आपण अजून दुकानात आवाज खाली करतो.

लाज मोडायला हवी, कारण या तक्रारीमागे बरेचदा हृदय असतं. शिश्नाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा तोच थर बारीक नळीत आधी जाणवतो, म्हणून ताठरतेची तक्रार छातीतल्या दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधी येऊ शकते. चाळिशी-पन्नाशीत ही अडचण हळूहळू वाढत असेल, पहाटेची ताठरताही कमी झाली असेल, तर नुसती पट्टी आणून भागत नाही. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, आणि इच्छाच कमी झाली असेल तर सकाळी ८ ते ११ या वेळात टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. टेस्टोस्टेरॉन दुपारी काढलं तर आकडा खोटाच कमी येतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात, नावं आठवत बसू नये. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांचं खरं खरं सांगावं. पंचविशीतल्या तरुणाला एकट्यानं असताना सगळं ठीक आणि जोडीदाराबरोबरच अडचण येत असेल, तर रक्तवाहिन्यांपेक्षा धास्तीकडे आधी पाहावं.

शेवटी एक चिठ्ठी, जी पाहून नातेवाईक गोंधळतात. हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या बाळाच्या किंवा फुप्फुसातला रक्तदाब वाढलेल्या बाईच्या चिठ्ठीवर सिल्डेनाफिल लिहिलेली असते आणि दुकानात कुणीतरी विचित्र नजरेनं पाहतं. चिठ्ठीत चूक नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतही पीडीई-५ भरपूर असतं आणि २००५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी तिला रीतसर परवानगी मिळाली. मोठ्यांचा डोस २० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा. बाळाचा डोस वजनावर ठरतो. ५० ची गोळी घरी अंदाजानं तोडून देऊ नये, मोजून द्यायचं पातळ औषध किंवा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बनवलेली पूडच वापरावी. दोन डोसांमधलं अंतर सारखं ठेवावं आणि औषध मनानं एकदम बंद करू नये, फुप्फुसातला दाब उसळी मारतो. औषध ४ तासांतच निम्म्यावर येतं, म्हणून दुपारचा डोस शाळेत किंवा पाळणाघरात सांगून ठेवावा लागतो.